खडूने काढलेली बंदूक

आमच्या कंपनीच्या नाटकगृहात डाव्या विंगेमागे एक लांब टेबल होतं. काळा रंग दिलेलं, डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेलं. तीस वर्षं मी त्या टेबलावरून राजदंड उचलले, प्रेमपत्रं उचलली, विषाचे पेले उचलले, आणि एका नाटकात तर सासऱ्याची कवळीसुद्धा उचलली. टाळ्या माझ्या वाट्याला आल्या. ते टेबल ज्यांचं होतं त्यांच्या वाट्याला काय आलं, हे आता सांगतो. ते गेले, मामीही गेल्या, आणि सांगणारा मीच उरलो आहे.

त्यांना सगळे खडूमामा म्हणत. कंपनीत ते प्रॉपर्टी सांभाळायचे, म्हणजे नाटकात जे जे हातात धरलं जातं ते सगळं त्यांच्या ताब्यात. प्रत्येक खेळाआधी ते टेबलावर खडूने प्रत्येक वस्तूची आकृती काढत. चष्म्याची, चाबकाची, किल्लीची. वस्तू त्या आकृतीत ठेवायची. कोणी उचलून नेली की आकृती रिकामी दिसते. खेळ संपताना एकही आकृती रिकामी राहता कामा नये.

नियम दोनच होते. वस्तू हातात देताना मामा म्हणत, "दिली." आपण म्हणायचं, "घेतली." काठी असो, पेला असो की पुष्पगुच्छ, मामांच्या लेखी सगळ्या वस्तूच, म्हणून दिली आणि घेतली. नुसती मान हलवली तर मामा सोडत नसत. एकदा आमची एक मानी नटी पंखा ओढते आहे, पडदा वर गेला आहे, आणि पंख्याचं दुसरं टोक धरून मामा हळू आवाजात म्हणताहेत, "घेतली म्हणा बाई, मग जा." म्हणाली बिचारी. पण प्रियकराकडे धावत जायचं ते तणतणत गेली, आणि त्या दिवशी तो प्रवेश नेहमीपेक्षा जास्त रंगला.

दुसरा नियम याहून कडक. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, अर्ध्या मिनिटासाठीही नाही. 'जरा धर' हे दोन शब्द विंगेत बंद होते. शिवी दिलेली चालायची.

मामांच्या आणखी काही गोष्टी आम्ही सवयीने सोडून दिल्या होत्या. ते दिवसातून दहादा बूट काढून उलटे करत, झटकत, आत हात घालून चाचपत आणि पुन्हा घालत. कोणी विचारलं, "मामा, विंचू शोधताय की काय?" तर म्हणत, "खडा." नाटकगृहातली एकेक कडी, एकेक सरकता अडसर त्यांनी मेण चोळून इतका गुळगुळीत केला होता की दार लागल्याचं कळायचं नाही. लोखंडावर लोखंड सरकल्याचा खटका झाला की त्यांची मान खाली जायची, डोक्यावरून काहीतरी जातंय तशी.

आणि टेबलाच्या डाव्या टोकाला, प्रत्येक नाटकात, ते एक आकृती काढत जिच्यात काहीच ठेवायचं नसायचं. लांब नळी, नळीखाली पुढेमागे सरकवायची मूठ, मागे रुंद दस्ता. छर्ऱ्यांची बंदूक. ऐतिहासिक नाटक असो, रडकं असो, सासू-सुनेचं विनोदी असो, बंदूक हजर. सासू-सुनेच्या नाटकाच्या वेळी एका नवख्या नटाने विचारलं, "मामा, आज सासूला उडवायचंय वाटतं?" सगळे हसले, मीसुद्धा. मामा हसले नाहीत, आणि संध्याकाळी त्यांनी डबा उघडलाच नाही. मला वाटलं, नवखा जरा आगाऊ बोलला म्हणून. त्या बंदुकीचं नावच सासू होतं हे मला पुढे कळलं.

त्या वर्षी आम्ही एक रहस्यनाटक बसवलं. मी जंगलाच्या कडेला एकटा राहणारा पहारेकरी, आणि माझ्या हातात छर्ऱ्यांची बंदूक. तालमीच्या पहिल्याच दिवशी मामा दिग्दर्शकाजवळ गेले.

"रायफल चालणार नाही का?"

"लेखकाने छर्रे लिहिलेत, मामा. भिंतीवर एकदम नऊ भोकं दिसायला हवीत. रायफलीने एकच पडेल."

"काठी दिली तर?"

"काठीने भोकं पाडू?"

मामा गेले आणि आठ दिवसांनी बंदूक घेऊन आले. लाकूड आणि पाण्याची नळी, पण हातात घेतली तर वजनाने खांदा ओढला जावा अशी. फक्त खालची सरकती मूठ त्यांनी खिळे मारून पक्की केली होती. सरकायची नाही, खटका व्हायचा नाही. त्यांनी ती टेबलावरच्या आकृतीत ठेवली तेव्हा ती रेघेला रेघ बसली, कुठे केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मोजपट्टी त्यांच्या हातात मी पाहिली नव्हती. माझ्या अंगावर तेव्हाच काटा यायला हवा होता. पण नव्या नाटकाच्या आधी नटाला स्वतःशिवाय काही दिसत नसतं.

सहावा खेळ रविवारी दुपारचा. दुसरी घंटा झाली आणि माझी मिशी सुटली. डावा कोपरा लोंबायला लागला. एका हातात बंदूक, दुसऱ्या हाताने मिशी दाबतोय, तिसरा हात देवाने दिलेला नाही. शेजारी फौजदाराच्या वेषात आमचा दुसरा नट उभा होता. मी बंदूक त्याच्याकडे केली आणि म्हणालो, "जरा धर रे."

त्याने धरली.

मामा टेबलामागून कसे आले ते मला दिसलंच नाही. त्यांनी त्याच्या हातातून बंदूक हिसकावली नाही, त्याच्या हातांवर आपले हात ठेवले आणि अगदी विनवणीच्या सुरात म्हणाले, "सोड. तुझी नाहीये ती. सोड बाळा, ते येतील." फौजदार घाबरला, त्याने हात काढले. मामा बंदूक पोटाशी घेऊन खाली बसले ते उठेनात. तिसरी घंटा सात मिनिटं उशिरा झाली. व्यवस्थापकाने पुढे जाऊन वीज गेल्याची थाप मारली, सगळे दिवे लखलखीत चालू असताना.

खेळ झाल्यावर मी त्यांना मागच्या गल्लीतल्या चहाच्या दुकानात नेलं. पाय धरायच्या तयारीनेच गेलो होतो.

"चुकलो, मामा."

"तू नाही रे, हिरो. तुझी मिशी खरंच सुटली होती." मला ते कायम हिरो म्हणत, आणि म्हणताना कधी आदराने म्हणत नसत. त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो गार होऊ दिला. "माझीही गोष्ट एवढीच आहे बघ. जरा धर म्हटलं, आणि त्याने धरली."

त्यांच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते, सीमेवरच्या लढाईत. तुकडीत दोघादोघांच्या जोड्या असत, आणि जोडीमागे एक रायफल, एक छर्ऱ्यांची बंदूक. "मोकळ्या रानात ती काही कामाची नाही," मामा म्हणाले. "थोडं अंतर वाढलं की नुसता फटाका. पण खंदकाच्या वळणावर, घराच्या दारात, जिन्यावर, तिथे तिच्यासारखी तीच. एका बारात नऊ छर्रे, वाटाण्याएवढे. आम्ही तिला सासू म्हणायचो. ती बोलली की घर रिकामं."

काडतुसं कागदी होती. दमट हवेत फुगायची आणि अडकायची. म्हणून मामा आणि त्यांचा जोडीदार लंबू दुपारी मेणबत्ती घेऊन बसत आणि एकेक काडतूस चोळत. लंबू खरोखर लांब होता, झोपला की पाय तंबूबाहेर. सासू ज्याच्या हातात, त्याने दारातून पहिलं आत जायचं, असा रिवाज होता. म्हणून पाळी लावलेली. एक घर तुझं, एक घर माझं. कागदावर मात्र बंदूक मामांच्या नावाने दिलेली, रायफल लंबूच्या.

मग एक दिवस शत्रूच्या विमानातून पत्रकं पडली. आपल्याच भाषेत छापलेली. छर्ऱ्यांची बंदूक हे अमानुष हत्यार आहे, विनाकारण यातना देणारी शस्त्रं वापरायची नाहीत या देशादेशांतल्या कराराविरुद्ध आहे. ती बंदूक किंवा तिची काडतुसं ज्याच्याजवळ सापडतील त्याला कैदी म्हणून ठेवलं जाणार नाही, जागीच गोळी घातली जाईल. तुकडीचे साहेब म्हणाले, "विषारी धूर सोडणारे आपल्याला माणुसकी शिकवतायत. फाडून टाका." लंबूने फाडलं नाही. त्याने त्याची टोपी करून घातली आणि दिवसभर मिरवली.

"मीही हसलो," मामा म्हणाले. "पण मी ते दोनदा वाचलं होतं, आणि त्याने एकदाच."

चौथ्या दिवशी सकाळी कालव्याकाठच्या घरांची एक ओळ तपासायची होती. चार घरं रिकामी निघाली. पाचवं मामांचं. दारापाशी पोचल्यावर मामा म्हणाले, "जरा धर, बुटात खडा गेलाय." लंबूने सासू घेतली, आपली रायफल मामांना दिली. मामा बाजूच्या विटांच्या ढिगामागे बसून बुटाची नाडी सोडायला लागले. तेवढ्यात बाजूच्या बोळातून सहा-सात जण आले. लंबू दारात उभा, हातात बंदूक, तिची मूठ अर्धी सरकवलेली. खटका झाला तोही अर्धाच. त्याने हात वर केले.

"त्यांच्या साहेबाने बंदूक पाहिली. खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचून दाखवला. आपण पहिल्या वाचनाला संहिता वाचतो ना, तसा. मग त्याला भिंतीशी उभं केलं."

"आणि तुम्ही?"

"माझ्या हातात त्याची रायफल होती. पाच गोळ्या भरलेल्या." मामांनी बशी उचलली, पाहिली आणि परत ठेवली. "एक बूट पायात, एक हातात. बोट हललं नाही."

छावणीत परतल्यावर साहेबांनी विचारलं, तुझी बंदूक त्याच्याकडे कशी? मामा म्हणाले, "तो घेऊन गेला." एवढंच. साहेब दमलेले होते, त्यांनी लिहून टाकलं: स्वतःचं शस्त्र टाकून, परवानगीविना दुसऱ्याचं शस्त्र घेऊन जागा सोडली. गावात पुढे चौकात दगड उभा राहिला, गेलेल्यांची नावं कोरलेला. त्यात लंबूचं नाव नाही.

मी नट माणूस, मला नेमका चुकीचा प्रश्न सुचला. "पण मामा, ती बंदूक खरंच बेकायदा होती का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं ते कोणीतरी अखेर दार उघडावं तसं. बेचाळीस वर्षं ते हाच प्रश्न घेऊन फिरत होते. सार्वजनिक वाचनालयात जाऊन युद्धाच्या कायद्याची जाडी पुस्तकं त्यांनी बोट ठेवून वाचली होती. नाटकाला येणाऱ्या वकिलांना मध्यंतरात गाठलं होतं. एकाने सांगितलं कायदेशीर, एकाने सांगितलं छर्रे मऊ शिशाचे की कडक यावर अवलंबून, तिसऱ्याने विचारलं, तुम्ही कोणाला मारायचं ठरवलंय का.

"बेकायदा असेल," मामा म्हणाले, "तर गुन्हा माझ्या नावावरचा आणि शिक्षा त्याला. कायदेशीर असेल, तर तो फुकट गेला. कुठल्याही बाजूने मोज, हिरो, माप माझ्याच अंगाला बसतं."

मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. घड्या पडून पडून त्याचं कापड झालं होतं. चौकातला दगड नव्याने बसवायचा होता. ज्यांची नावं राहिली आहेत त्यांच्या घरच्यांनी अर्ज करावेत. खाली लहान अक्षरांत लंबूच्या बहिणीने स्वतःची जाहिरात दिली होती: माझ्या भावाबरोबर त्या दिवशी कोणी असेल तर कृपया सुनावणीला यावे. तारीख येत्या गुरुवारची होती. कात्रण चार महिन्यांपूर्वीचं.

"जायचं," मी म्हणालो.

"मला बोलता येत नाही. मी आयुष्यभर विंगेत राहिलोय."

"मी शिकवतो."

आता लिहिताना लाज वाटते, पण मला त्या क्षणी उत्साहच आला. माणूस इतकं अवघड काही सांगून मोकळा झालेला, आणि मी मनात उभं कुठे राहायचं, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवतोय.

तीन दिवस सकाळी रिकाम्या रंगमंचावर आम्ही तालीम केली. मी सुनावणी घेणाऱ्या समितीचा अध्यक्ष, खुर्ची उलटी घालून बसलेला. मामा मध्यभागी. त्यांना मध्यभागी उभं राहता येईना. बोलता बोलता ते कडेकडेला सरकत आणि चौथ्या वाक्याला विंगेत पोचत.

"मामा, इकडे. उजेडात."

"उजेडात तू असायचं."

"म्हणा. ती बंदूक माझ्या नावावर होती."

"ती बंदूक माझ्या नावावर होती. बुटात खडा गेला म्हणून मी त्याला म्हटलं..." इथे दरवेळी गाडी अडायची. ते दोन शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हते. चहाच्या दुकानात निघाले होते, कारण तिथे कोणी ऐकत नव्हतं, मी सोडून.

"वाक्य मोडू नका. एका दमात. खडा गेला म्हणून जरा धर म्हटलं."

"खडा गेला म्हणून," मामा म्हणाले आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

बुधवारी मामी डबा घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. त्यांनी एक तालीम पाहिली आणि मला बाजूला घेतलं. "भावजी, तुम्ही छान शिकवताय. पण तुमच्या वाक्यात काहीतरी खुपतंय त्यांना. लग्न झाल्यापासून बघतेय, झोपेत उठून बूट झटकतात. मी आतून बोट फिरवून पाहते, कधी काही नसतं. मातीचा कणही नाही." मी म्हणालो, भीती आहे वहिनी, पहिल्या खेळाला असतेच. त्या डब्याची झाकणं मोजायला लागल्या.

सुनावणी नगरपालिकेच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. पुढे एक टेबल, मागे तीन माणसं, भिंतीला फायलींची कपाटं. मधले गृहस्थ सैन्यात कायदा अधिकारी होते, आता निवृत्त. त्यांच्यासमोर कागदांचे दोन नीट रचलेले गठ्ठे. बहीण आमच्या आधी येऊन बसली होती. साठीची, काटक, शाळेचे गणवेश शिवणारी. बोटाला अजून अंगुस्तान होतं, काढायचं विसरलेली. मांडीवर मोठी रेक्झिनची पिशवी. लंबूची उंची तिच्यातही होती. ती उठून उभी राहिली तेव्हा मामांनी नजर खाली घेतली.

"तुम्ही होतात दादाबरोबर?" तिने विचारलं.

"होतो, ताई."

"मला वाटलं कोणी येणारच नाही."

निवृत्त साहेब चांगले होते, पण सवयीचे गुलाम. त्यांनी आधी कायदा घेतला. पुढचा पाव तास आम्ही ते ऐकलं ज्यासाठी मामांनी बेचाळीस वर्षं पुस्तकं चाळली होती. ते म्हणाले, हत्याराने यातना होतात का, हा प्रश्नच नाही, हत्यारंच ती. लढाईच्या गरजेपेक्षा जास्त, विनाकारण यातना व्हाव्यात म्हणून ते बनवलंय का, हा प्रश्न. "एका बारात नऊ छर्रे लागले काय आणि मशीनगनच्या नऊ गोळ्या लागल्या काय, त्या माणसाला फरक काय? छर्ऱ्यांच्या बंदुकीवर कुठल्याही कराराने नाव घेऊन बंदी घातलेली नाही. शिसं मऊ असावं की कडक, यावर वाद घालता येईल, तो पुस्तकात घालावा. आणि समजा, बंदी असती, तरी शरण आलेल्या माणसाला खटल्याशिवाय भिंतीशी उभं करता येत नाही. तो खून. तेव्हा बंदुकीचा मुद्दा मी बाजूला ठेवतो."

त्यांनी एक गठ्ठा खरोखरच बाजूला ठेवला. मी मामांकडे पाहिलं. चेहऱ्यावर सुटका दिसेल असं वाटलं होतं. घामाचा एक थेंब भुवईवरून खाली येत होता, आणि पायाने पाय घासत ते बुटातून टाच काढायच्या प्रयत्नात होते.

"आता अडचण दुसरी," साहेब म्हणाले. "नोंदीत लिहिलंय की तो स्वतःचं शस्त्र टाकून दुसऱ्याचं घेऊन गेला. हे खोटं आहे असं कोणी शपथेवर सांगितलं तरच नाव दगडावर जाईल. साक्षीदार कोण?"

मामा उठले. ओठ हलले, आवाज नाही. मी समोर बसून ओठांनी पहिलं वाक्य पुरवलं, विंगेतून पुरवतात तसं. ती बंदूक. ती बंदूक माझ्या. काही नाही. तिसऱ्या सदस्याने घड्याळाकडे पाहिलं.

"तोपर्यंत अर्जदाराची सही घेऊ," साहेब म्हणाले आणि नोंदवही पुढे केली.

बहीण उठली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चष्म्याचं घर, आणि सही करायला हात नाही. शेजारी मामा उभे होते. तिने पिशवी त्यांच्याकडे केली, कोणीही करेल तशी, न बघता. "जरा धरा हो."

मामांनी धरली.

तिने चष्मा लावला, सावकाश सही केली, अंगुस्तान आड आलं म्हणून ते काढून पुन्हा केली. मामा पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते. ती परत वळली, तिने हात पुढे केला, आणि त्यांनी पिशवी दिली नाही.

"बुटात खडा नव्हता," मामा म्हणाले.

मला वाटलं वाक्य चुकलं. तालमीत तीन दिवस घोटलेलं वाक्य उलटं झालं असं वाटून मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. आणि मग मामींची बोटं बुटातून फिरताना डोळ्यांपुढे आली, आणि मी तोंड मिटलं.

"पाचवं घर माझं होतं. सासू माझी. मी पत्रक दोनदा वाचलं होतं. बोळात काहीतरी हललं, ते मला दिसलं, त्याला नाही. मी म्हटलं, जरा धर, बुटात खडा गेलाय. त्याने धरली. त्याने काही टाकलं नाही, काही घेतलं नाही. मी दिली. परत आल्यावर मी म्हणालो, तो घेऊन गेला." ते थांबले. आवाज कुठेही चढला नव्हता. "खडा नव्हता, ताई. बूट रिकामा होता."

कारकून लिहायचा थांबला होता. साहेबांनी त्याला खूण केली, लिही.

बहिणीने काढलेलं अंगुस्तान पुन्हा बोटावर चढवलं. मग म्हणाली, "बंदूक घेताना तो काय म्हणाला?"

"म्हणाला, 'आण. तुझे बूट आणि तू, दोघांनाही एकदाच नीट बांधायला पाहिजे.'"

तिच्या तोंडून आवाज आला तो आधी हसण्याचा होता. "असंच बोलायचा," ती टेबलामागच्या माणसांना सांगायला लागली, जणू हाच पुरावा होता. "आईला पण असंच बोलायचा." मग तिने चष्मा काढला.

खाली उतरताना जिन्यावर ती मामांना म्हणाली, "माफ वगैरे करणं मला जमणार नाही. खोटं कशाला बोलू. पण येत जा. त्याच्याबद्दल बोलणारं घरात कोणी उरलं नाही."

"येईन," मामा म्हणाले. पिशवी अजून त्यांच्याकडेच होती. चौकापर्यंत ते ती घेऊन चालले, तिनेही मागितली नाही.

वसंत ऋतूत नवा दगड बसला. लंबूचं नाव शेवटून तिसरं. आडनाव लांब म्हणून अक्षरं जरा दाटीने. त्या आठवड्यात मामांनी बहिणीला दुपारच्या खेळाला बोलावलं आणि आधी विंगेत आणलं. रहस्यनाटक कधीच बंद पडलं होतं, विनोदी नाटक चालू होतं. टेबलावर टोपी, घंटा, आरसा, माझी काठी, आणि डाव्या टोकाला ती रिकामी आकृती.

तिने बोटाने नळीच्या रेघेवरून हवेतच एक रेघ ओढली, खडू पुसू न देता. "एवढी मोठी असते?"

"एवढीच."

 मग तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि त्या आकृतीत ठेवली. दस्त्याच्या बाजूला ती मावली, नळी बाहेर राहिली. "इथे राहू दे," म्हणाली, "मांडीवर अवघडतं," आणि पुढे जाऊन बसली. तीन अंक मामा त्या पिशवीशेजारून हलले नाहीत. मला काठी द्यायला त्यांनी मामींना उभं केलं.

खेळ संपल्यावर ती आत आली. मामांनी पिशवी पुढे केली. "दिली."

"बरं," ती म्हणाली आणि पिशवीचा बंद धरला. पिशवी सुटेना. ती माझ्याकडे बघायला लागली.

"घेतली म्हणावं लागतं, ताई," मी म्हणालो. "इथला नियम आहे."

तिने मामांच्या हातांकडे पाहिलं. पांढरी पडलेली बोटं. "घेतली," ती म्हणाली. तेव्हा त्यांनी सोडली.

मला वाटलं, झालं. नाटक लिहिणाऱ्याने पडदा इथेच पाडला असता. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारचा खेळ होता. मी विंगेत आलो तर मामा स्टुलावर बसून बूट झटकत होते, आणि टेबलाच्या डाव्या टोकाला, ताज्या खडूने, बंदूक होतीच.

"अजून, मामा? नाव लागलं की दगडावर."

"नाव लागलं. पण बंदूक अजून त्याच्याच हातात आहे, हिरो. मी कुठे परत घेतली?" त्यांनी बूट कानाजवळ नेऊन हलवला, आत काही वाजतंय का ऐकल्यासारखा. "आणि हा खडा. नसलेला खडा निघणार कसा?"

तिसरी घंटा झाली. त्यांनी बूट घातला, नाडी बांधली, उठले आणि माझी काठी उचलली.

"दिली."

"घेतली," मी म्हणालो, आणि उजेडात गेलो.